वेबसाइटसाठी फोटो तयार करताना: आधी माप, मग फॉर्मॅट, मग क्वालिटी

वेबसाइट हळू उघडायला लागली की पहिला संशय होस्टिंगवर जातो, मग थीमवर, मग प्लगिन्सवर. फोटोंकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. पानावरचा मजकूर कितीही लांबलचक असला तरी थोड्याशा केबींमध्ये मावतो. मोबाइलने काढलेला एकच फोटो मात्र सहज ५ एमबीचा भरतो. ५ एमबी म्हणजे ४० मेगाबिट. ज्याच्या फोनला सेकंदाला ४ मेगाबिटचा वेग मिळतोय, त्याला एवढा एक फोटो उतरवून घ्यायला १० सेकंद लागतात. तोच फोटो नीट तयार करून ३०० केबीवर आणला तर पाऊण सेकंदाच्या आत दिसतो, आणि पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळतही नाही.

‘फोटो हलका करायचा’ म्हटलं की बहुतेक जण एखादं कॉम्प्रेस करणारं टूल उघडतात आणि फाइल त्यात टाकतात. माझ्या मते इथेच क्रम चुकतो. आधी फोटोची लांबी-रुंदी कमी करायची, मग कोणत्या फॉर्मॅटमध्ये ठेवायचा ते ठरवायचं आणि सगळ्यात शेवटी क्वालिटीच्या आकड्याला हात लावायचा. पहिली पायरी चुकली तर पुढच्या दोन्हींत कितीही मेहनत घेतली तरी हाती फारसं लागत नाही.

मूळ फाइल जपून ठेवा

सुरुवातीलाच दोन फोल्डर करा: एक ‘मूळ’ आणि एक ‘वेब’. कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आलेली फाइल ‘मूळ’मध्ये जशीच्या तशी राहील आणि तिच्यात कधीही बदल होणार नाही. जेपेग फाइल उघडून, बदलून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी तिच्यातली थोडी माहिती जाते आणि गेलेली माहिती परत येत नाही. म्हणून वेबसाठी नवी फाइल हवी असेल तेव्हा ती मुळापासूनच बनवायची. आधी बनवलेल्या वेब-फाइलवरून दुसरी बनवायची नाही.

मेसेजिंग ॲपवरून आलेल्या फोटोंच्या बाबतीत हे विशेष पाळा. अशी ॲप फोटो पाठवतानाच तो दाबून लहान करतात. पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगा. आयफोनवरचे फोटो २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, बहुधा एचईआयसी फॉर्मॅटमध्ये येतात. सफारी सोडली तर इतर ब्राउझर तो फॉर्मॅट दाखवत नाहीत, त्यामुळे ती फाइल तशीच चढवून चालणार नाही.

माप: सगळ्यात मोठी बचत इथेच

फोटो पानावर नक्की किती जागा घेतो, हे अंदाजाने न ठरवता मोजून बघा. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये ते पान उघडा, फोटोवर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा आणि उघडलेल्या पॅनेलमध्ये त्या इमेजच्या ओळीतल्या फाइलच्या पत्त्यावर माउस न्या. दोन मापं दिसतील. एक, फोटो पानावर ज्या मापात दिसतोय ते. दुसरं, फाइलचं खरं माप. या दोन आकड्यांमधली तफावत हेच तुमचं वाया जाणारं वजन.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. समजा, तुमच्या लेखाचा कॉलम ८०० पिक्सेल रुंद आहे आणि फोनमधून आलेला फोटो ४००० बाय ३००० आहे. आजकालच्या बऱ्याच स्क्रीनवर पानातल्या एका पिक्सेलच्या रुंदीत खरे दोन पिक्सेल असतात, काही फोनवर तीन. म्हणून लॅपटॉपसाठी ८०० ची दुप्पट, म्हणजे १६०० पिक्सेल रुंदी धरायची. फोनची स्क्रीन वेबच्या हिशेबात साधारण ४०० पिक्सेल रुंद असते. तिथे तिपटीने मोजलं तरी १२०० होतात, म्हणजे १६०० मध्ये तेही भागलं. दुपटीच्या पुढे गेल्यावर फोटोत डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, त्यामुळे तिप्पट माप धरायच्या भानगडीत मी पडत नाही.

आता हिशेब बघा. ४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. १६०० बाय १२०० म्हणजे १९ लाख २० हजार. म्हणजे क्वालिटीला धक्काही न लावता ८४ टक्के पिक्सेल गेले, आणि त्यातला एकही त्या कॉलममध्ये कुणाला दिसणार नव्हता. रुंदी निम्मी केली की उंचीही निम्मी होते आणि पिक्सेल पाव भागावर येतात. मापातली छोटी कपातसुद्धा एवढी मोठी वाटते ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. फाइल कितीही दाबलेली असली तरी ब्राउझरला ती स्क्रीनवर काढण्यासाठी पूर्ण उलगडावी लागते आणि तेव्हा प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट मेमरी लागते. ४००० बाय ३००० चा फोटो उलगडला की ४८ एमबी होतात. १६०० बाय १२०० चा उलगडला की ८ एमबीसुद्धा होत नाहीत. मूळ मापाचा फोटो भरपूर दाबून ४०० केबीचा केला, तरी कमी रॅमच्या फोनवर तो ४८ एमबीच खाणार. असे दहा-बारा फोटो एका पानावर असले की स्क्रोल करताना फोन अडखळायला लागतो. तिथे कॉम्प्रेशन कामाला येत नाही, मापच कमी करावं लागतं.

माप बदलण्याआधी क्रॉप करून घ्या. फोटोतला विषय मध्ये आणि भोवती मोकळं आकाश असेल तर त्या आकाशाचेही बाइट जातात, आणि फोनच्या छोट्या स्क्रीनवर विषय बारीक दिसतो तो वेगळाच. क्रॉप झालं की रिसाइझ करा. त्यानंतर फोटो थोडा मऊ वाटला तर हलकंसं शार्पन करा, पण हात आखडता ठेवा. जास्त शार्पन केलेल्या कडा वाईट दिसतात आणि फाइलही फुगवतात.

डीपीआयकडे, म्हणजे इंचामागे किती ठिपके या आकड्याकडे, मात्र दुर्लक्ष करा. ‘वेबसाठी ७२ डीपीआय’ हा सल्ला अजून फिरतो, पण ब्राउझर तो आकडा विचारातच घेत नाही. १६०० पिक्सेल रुंद फोटो ७२ डीपीआयचा असो की ३०० चा, वेबवर तो सारखाच दिसतो आणि वजनही तेवढंच राहतं. डीपीआय हा छपाईचा विषय आहे.

फॉर्मॅट: चित्रात काय आहे ते बघून

जेपेग हे मानक १९९२ चं आहे आणि फोटोंसाठी ते आजही उत्तम चालतं. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यातले बारीक, झपाट्याने बदलणारे तपशील कमी करतं. चेहरा, डोंगर, ढग अशा हळूहळू बदलणाऱ्या रंगांत ही काटछाट लपून जाते. पण पांढऱ्यावर काळी अक्षरं असलेला स्क्रीनशॉट जेपेगमध्ये सेव्ह केला, की प्रत्येक अक्षराभोवती मळकट ठिपके दिसायला लागतात. अक्षराची कड म्हणजे नेमका तो झपाट्याने होणारा बदल, आणि जेपेग तिथेच कात्री लावतं.

म्हणून स्क्रीनशॉट, तक्ते, सपाट रंगांच्या आकृत्या यांना पीएनजी द्या. ते काहीही न गमावता दाबतं आणि एकसारखा रंग असलेल्या मोठ्या भागांवर फार चांगलं काम करतं. फोटो पीएनजीमध्ये ठेवणं ही मात्र शुद्ध उधळपट्टी आहे. तोच फोटो जेपेगच्या कितीतरी पट जड होतो. एखादं पान अवजड वाटलं तर मी आधी त्यावर पीएनजीतला फोटो सापडतो का ते शोधते.

लोगो आणि आयकॉन एसव्हीजीमध्ये असावेत. ते रेषांच्या वर्णनातून बनतात, त्यामुळे कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत आणि वजन अगदी किरकोळ राहतं. फक्त डिझायनरकडून आलेली एसव्हीजी फाइल शेकडो केबींची असेल तर टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. आत अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची भलीमोठी रांग दिसली तर कुणीतरी एक साधा फोटो एसव्हीजीच्या पाकिटात घालून दिलाय. खऱ्या रेषांची फाइल मागून घ्या, आणि ती आली की एसव्हीजीओ या टूलमधून काढून घ्या, म्हणजे संपादनाच्या सॉफ्टवेअरने आत सोडलेला केरकचरा निघून जाईल.

आता नवे फॉर्मॅट. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला. गूगलच्याच तुलनेनुसार, तेवढ्याच क्वालिटीला तो जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के हलका असतो. २०२० मध्ये सफारीनेही तो स्वीकारला आणि आज वापरात असलेले जवळपास सगळे ब्राउझर तो दाखवतात. एव्हीआयएफ २०१९ चा. तो एव्ही१ या व्हिडिओ-तंत्रावर बेतलेला आहे आणि बऱ्याच फोटोंना वेबपीपेक्षाही लहान करतो. पण तो बनवायला वेळ जास्त लागतो, आणि फार दाबला तर कातडीचा पोत, कापडाची वीण असे तपशील गुळगुळीत पुसून टाकतो.

माझा सल्ला विचाराल तर फोटोंसाठी वेबपी हा नेहमीचा मार्ग ठेवा. तुमची यंत्रणा आपोआप एव्हीआयएफ बनवून देत असेल तर तो वर जोडा, नसेल तर त्यामागे धावू नका. वेबपीची एक खोड लक्षात असू द्या: दाबलेल्या वेबपीत रंगाची माहिती नेहमी निम्म्या रुंदी-उंचीनेच साठवली जाते. फोटोत ते जाणवत नाही. पण लाल पार्श्वभूमीवरची बारीक अक्षरं असतील तर कडा विस्कटतात. तशा चित्रांना काहीही न गमावणारा ‘लॉसलेस’ वेबपी किंवा पीएनजी वापरा.

हलणाऱ्या जिफ फाइलींबद्दल एवढंच: त्यांचा व्हिडिओ करा. १९८७ चा, २५६ रंगांचा तो फॉर्मॅट हालचाल साठवायला अतिशय महागडा आहे. तीच क्लिप एमपी४ मध्ये, आवाजाशिवाय, आपोआप सुरू होणारी ठेवली की दिसायला तशीच दिसते आणि वजन कितीतरी उतरतं.

क्वालिटीचा आकडा डोळ्यांनी ठरवा

क्वालिटी ८० म्हणजे मूळ फोटोच्या ८० टक्के, असं काही नसतं. तो त्या-त्या टूलचा स्वतःचा आकडा आहे. एका टूलचं ८० आणि दुसऱ्याचं ८० यांचा ताळमेळ बसत नाही, आणि फॉर्मॅट बदलला की तर मुळीच नाही. सुरुवात करायला जेपेग आणि वेबपीसाठी ७५ ते ८०, एव्हीआयएफसाठी ५० ते ६० ठीक आहे. ९० च्या पुढे वजन भराभर वाढतं आणि डोळ्याला मिळत काहीच नाही.

नेमका आकडा ठरवायला स्क्वूश हे मोफत टूल मला सगळ्यात आवडतं. ते ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही, आणि मधली रेघ इकडे-तिकडे सरकवून मूळ आणि दाबलेला फोटो शेजारी-शेजारी बघता येतो. ७५ पासून सुरू करा आणि पाच-पाचने खाली या. दर वेळी चार ठिकाणी नजर टाका. आकाश किंवा रिकामी भिंत, कारण तिथे रंगाचे पट्टे पडतात. केस. गडद वस्तूच्या मागे उजळ पार्श्वभूमी असेल ती कड. आणि ठळक लाल रंगाचा भाग. जिथे पहिल्यांदा काही खटकेल तिथून पाच वर या आणि थांबा. हे बघताना फोटो मोठा करून खोट काढत बसू नका. पानावर तो ज्या मापात दिसणार आहे त्याच मापात बघा. दुप्पट मापाची फाइल स्क्रीनवर आक्रसून दिसते, त्यामुळे तिला ६५-७० सुद्धा पचून जातं.

‘प्रत्येक फोटो १०० केबीच्या आत’ असा सरसकट नियम करू नका. धूसर पार्श्वभूमीचा चेहरा ७० केबीत सुरेख बसतो. गवत, झाडीची पानं, खडी यांनी भरलेला फोटो तेवढ्यात कोंबला तर चिखल होतो. १६०० पिक्सेल रुंद फोटोला २०० ते ३०० केबी आणि छोट्या थंबनेलला २० ते ३० केबी, एवढा अंदाज मनात ठेवा आणि फोटो बघून कमी-जास्त करा.

एक्स्पोर्ट करताना मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत फाइलमध्ये साठवलेली जादा माहिती, काढून टाका. कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, आणि फोनचा फोटो असेल तर जिथे काढला तिथले अक्षांश-रेखांशसुद्धा त्यात असू शकतात. कुणाच्या घरी काढलेला फोटो त्या माहितीसकट वेबवर चढवणं बरं नव्हे. पण मेटाडेटा काढण्याआधी दोन गोष्टी करा. फोटो एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगव्यवस्थेत बदलून घ्या. नव्या फोनचे फोटो त्याहून मोठ्या रंगपटात असतात आणि नुसती रंगांची प्रोफाइल (कोणता रंगपट ते सांगणारी नोंद) काढली तर रंग फिके पडतात. आणि फोटो खरोखर सरळ फिरवून सेव्ह करा. ‘मला आडवं दाखवू नका’ ही सूचनाही मेटाडेटातच असते, ती गेली की उभा फोटो आडवा पडतो.

एका फोटोच्या अनेक फाइली

१६०० पिक्सेलची फाइल लॅपटॉपला योग्य, पण साध्या स्क्रीनच्या फोनला ती जड. म्हणून एकाच फोटोची ४८०, ८००, १२०० आणि १६०० अशा रुंदींची मापं बनवा आणि इमेज टॅगमधल्या (पानाच्या कोडमध्ये फोटो बसवणाऱ्या ओळीतल्या) ‘एसआरसीसेट’ (srcset) या गुणधर्मात सगळी यादी द्या. ब्राउझर आपल्याला हवं ते माप निवडतो.

त्यासोबतचं, फोटो किती रुंद दिसणार ते सांगणारं ‘साइझेस’ (sizes) हे बहुतेकांकडून राहून जातं आणि सगळी मेहनत तिथे पाण्यात जाते. ब्राउझर फोटो मागवायला निघतो तेव्हा पानाची मांडणी अजून तयार नसते, त्यामुळे फोटो किती रुंद दिसणार हे त्याला माहीत नसतं. आपण सांगितलं नाही तर तो पूर्ण स्क्रीनभर धरून चालतो. मग शेजारी-शेजारी तीन बसणाऱ्या छोट्या फोटोंसाठीही तो सगळ्यात मोठी फाइल उचलतो. फोनवर पूर्ण रुंदी, मोठ्या स्क्रीनवर एक तृतीयांश, असं ‘साइझेस’मध्ये स्पष्ट लिहा.

वर्डप्रेस हे काम २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून स्वतः करतं, आणि ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो चढवला तर आपोआप लहानही करतं. पण ‘साइझेस’ थीमने बरोबर दिलंय का, हे तपासणं तुमच्याकडेच राहतं. फोटो शेकड्यांनी असतील तर हाताने बसू नका. इमेजमॅजिक किंवा शार्प या टूल्सनी एका आज्ञेत सगळा फोल्डर तयार होतो.

पानावर बसवताना

प्रत्येक इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहा. त्यामुळे फोटो यायच्या आधीच ब्राउझर त्याची जागा राखून ठेवतो. नाही लिहिलं तर वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो आणि माणूस भलत्याच बटणावर टॅप करतो. गूगल ही उडी सीएलएस नावाच्या गुणांकात मोजतं आणि ती ०.१ च्या आत असावी लागते.

स्क्रोल केल्यावर दिसणाऱ्या फोटोंना ‘लोडिंग’ या गुणधर्मात ‘लेझी’ द्या, म्हणजे वाचक जवळ येईपर्यंत ते मागवलेच जाणार नाहीत. पण पान उघडताच दिसणाऱ्या मुख्य फोटोला ‘लेझी’ चुकूनही लावू नका. पानातला सगळ्यात मोठा घटक दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत हवा असतो आणि तो घटक बहुधा हाच फोटो असतो. त्याला उलट ‘फेचप्रायॉरिटी’ (fetchpriority) ‘हाय’ द्या, म्हणजे ब्राउझर तो आधी मागवेल. तो सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमध्ये, बॅकग्राउंड म्हणून ठेवला असेल तर साध्या इमेज टॅगमध्ये आणा, कारण सीएसएस फाइल येऊन वाचून होईपर्यंत ब्राउझरला त्याचा पत्ताच लागत नाही. आणि वर पाच फोटोंचा स्लायडर असेल तर काढून एकच चांगला फोटो ठेवा. पहिल्याच्या पुढे फार थोडे लोक थांबतात, वजन मात्र पाचांचं पडतं.

तपासणी आणि जुने फोटो

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ टॅब उघडा, फक्त इमेज दिसतील असं फिल्टर लावा, कॅश (ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेल्या प्रती) बंद करा, वेग ‘स्लो ४जी’ ठेवा आणि पान पुन्हा लोड करा. वजनाच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जड फाइल वर येते. मग पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या टूलमध्ये पानाचा पत्ता टाका. कोणता फोटो गरजेपेक्षा मोठा आहे ते तिथे नावानिशी कळतं. शेवटी एखाद्या साध्या, जुन्या फोनवर वायफाय बंद करून पान उघडा. वाचकाला काय वाटतं ते तिथेच समजतं.

जुन्या साइटवर एकदम सगळे फोटो बदलायला घेऊ नका. जास्त भेटी मिळणारी पानं आधी काढा आणि त्यांच्यावरचे सगळ्यात जड फोटो आधी हाताळा. नवी फाइल चढवताना नाव बदला. इमेजसाठी कॅशची मुदत सहसा वर्षभराची ठेवतात, आणि ठेवावीच. पण नाव तेच राहिलं तर आधी येऊन गेलेल्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये जुनाच फोटो दिसत राहील. जुनी फाइल मात्र लगेच पुसू नका. शोधयंत्रांत आणि इतर साइटवर तिचा पत्ता अजून असतो, त्यामुळे सर्व्हरच्या नोंदींमध्ये तिला कुणी मागेनासं झालं की मगच काढा.